डच समासाचा विग्रह

हसायचं तर पोटभर हसा, पण लीड्समध्ये मी एका चांगल्या धडधाकट बाईला जवळजवळ मरणाच्या दारात नेऊन बसवलं. तेही नुसत्या एका शब्दाने!

मी मूळची नागपूरची, इथे फिजिओथेरपिस्ट. शेजारी यान नावाचा डच माणूस राहतो. त्याची आई हॉलंडहून त्याच्याकडे आली ती कंबर धरूनच. इंग्रजी जेमतेम. म्हटलं, काळजी कशाला? मी फोनवर डच शिकतच होते की! डच लोक दोन-तीन शब्द चिकटवून मालगाडीएवढा एकच शब्द करतात. लोक बिचकतात. मी कशाला बिचकू? शाळेत समास सोडवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

आजींची पाठ तपासली आणि रविवारी दुपारी माझ्या घरी या, असं डचमध्ये सांगितलं. कशासाठी, तर मसाजच्या बेडवर उपचार करायला. गंमत म्हणजे डचमध्येही शब्द इंग्रजीतला 'massage bed'च, फक्त सलग लिहितात, 'massagebed'. पण तो इंग्रजीसारखा म्हटला तर माझ्या शिकण्याचा उपयोग काय? डच 'ग' घशातून खाकरून म्हणायचा, हे मला पक्कं ठाऊक. मी झोकात म्हटलं, "मसा-खेबेट."

आजींचा चेहरा उतरला. कुणासाठी, असं त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्यासाठीच की," मी म्हटलं.

शनिवारी यान कुंपणापाशी आला. आईचं फार गंभीर आहे का, म्हणाला. मी आपला दवाखान्यातला सूर लावला. वयोमानाने हे व्हायचंच, म्हटलं.

"किती दिवस?"

"दीड महिना धर. मग वेदना अजिबात राहणार नाहीत."

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय हे आईवरचं प्रेम!

रविवारी दार उघडलं तर आजी काळ्या कपड्यांत. मागे यान, त्याची बायको आणि तातडीने विमानाने आलेली बहीण, हातात पांढरी फुलं घेऊन. एका कंबरेसाठी एवढी माणसं? असो. मी सगळ्यांना आत नेलं. बेडवर पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. ती बघून बहिणीने हुंदका दिला.

आजींना म्हटलं, इथे आडव्या व्हा.

"आत्ताच?" आजी म्हणाल्या.

मग यानने घसा खाकरून विचारलं, "प्रार्थना कोण सांगणार?"

आता ऐका. 'मसाज' डचमध्ये फ्रेंचमधून आला, म्हणून त्यातला 'ग' खाकरायचा नसतो, त्याचा 'झ' होतो. मसाझ-बेट. मी तो खाकरला आणि शब्द भलत्याच जागी तुटला. 'मसा' म्हणजे जनसमुदाय, 'खेबेट' म्हणजे प्रार्थना. मी आजींसाठी सामुदायिक प्रार्थना ठेवली होती, वर दीड महिन्याची मुदतही देऊन टाकली होती!

यानने उलगडून सांगितलं तेव्हा आजी आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की कंबर पुन्हा धरली. शेवटी झोपल्या एकदाच्या बेडवर. अर्ध्या तासाने ताठ उठून बसल्या आणि यानला काहीतरी म्हणाल्या. तो सांगायला तयार होईना. मीच खनपटीला बसले.

"आई म्हणते," यान खाली बघत म्हणाला, "तुझे हात उत्तम डच बोलतात. यापुढे त्यांनाच बोलू दे."