जोडीदार बदलून मिळणार नाही

आमच्या भूगोल विभागात देवधर बाईंच्या दारावर एकच पाटी होती: ‘जोडीदार बदलून मिळणार नाही. विचारू नये.’ सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकात एकानं आकड्यांची उंच पट्टी धरायची, दुसऱ्यानं लांबून दुर्बिणीतून वाचायची. जोड्या बाई चिठ्ठ्या टाकून ठरवत. दुर्बीण जुनी, तिच्यात सगळं उलटं दिसे. बाई म्हणत, “माणूस उलटा दिसला म्हणून तो उलट्या काळजाचा ठरत नाही.”

एका वर्षी लालबोई आणि थोइबा अशी जोडी निघाली. दोघेही मणिपूरचे, लालबोई कुकी, थोइबा मैतेई. वर्ष सुरळीत चाललं होतं, आणि तिकडे दोन्ही समाजांत पेटलं. लालबोईचं घर जळलं, थोइबाच्या मामाला गाव सोडावं लागलं. दोघांचं बोलणं तुटलं.

लालबोई बाईंकडे आला. “मॅडम, उसके साथ नहीं होगा. मैं डिग्री छोड़ रहा हूँ.”

“पाटी वाचलीस ना? सोडायची तर सोड. उद्या प्रात्यक्षिक कर, मग सोड.”

मी बाईंची प्रात्यक्षिकातली मदतनीस. तो गेल्यावर म्हटलं, “अहो बाई, मारामारी झाली तर?”

“तर आपण दोघी मध्ये उभ्या राहू. छत्री आणा, ऊन फार आहे.”

मला रात्रभर झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी थोइबा पट्टी घेऊन उतारावर उभा राहिला. लालबोई दुर्बिणीशी गेला, पण वाकेना. थोइबाच्या हातातली पट्टी कलली, पण त्यानं ती खाली ठेवली नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. शेवटी लालबोई वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं डावा हात उचलला: थोडी डावीकडे. पट्टी सरळ झाली. त्यानं बाईंना आकडा सांगितला आणि डोळे पुसले.

पदवी दोघांनीही घेतली. त्यांची मैत्री झाली, असं मात्र मी खोटं सांगणार नाही.

यंदा बाई गेल्या. शोकसभेला लालबोई वाघोलीहून आला, थोइबा कात्रजहून. दोघे लांब लांब बसले. बाईंचा फोटो भिंतीवर वाकडा लागला होता. थोइबा उठून तो नीट करू लागला, पण जवळून त्याला अंदाज येईना. त्यानं मागे वळून पाहिलं.

शेवटच्या रांगेत लालबोईनं डावा हात उचलला होता.