माझा अ‍ॅम्प आणि भावजींचे दोन सबवूफर

माझ्या दिराला मी डोळ्यांसमोर नको असते, आणि मलाही तो. त्यामुळे त्याच्या नातवाच्या बारशाला गच्चीवर माझाच अ‍ॅम्प न विचारता मांडलेला दिसला, तेव्हा मी घुगऱ्यांची परात तिथेच आपटली. नवरा गेल्यापासून साउंडचं दुकान मी चालवते आणि भाड्यानं द्यायला धड अ‍ॅम्प हा एकच. मागं स्पष्ट छापलंय: स्पीकरची अडवणूक चार ओहमच्या खाली नको. आणि हे महाशय आपले चार-चार ओहमचे दोन नवे सबवूफर स्पीकर एकाच चॅनेलला शेजारी शेजारी जोडत होते.

"भावजी, जळंल त्यो. अडवणूक दोनवर येतीय."

"चार आन् चार आठ व्हत्यात की, वैनी! शाळंत गेल्ता का न्हाई?"

गेले होते, हीच तर गोम. लग्न होऊन आले तेव्हा दहावीतले गणिताचे मार्क मी मंगळसूत्राबरोबर मिरवायची. नवऱ्याला चार नि चार आठ मीच शिकवले, तो नको नको म्हणत असताना नाक उडवून जोडणीही केली. अ‍ॅम्प जळून वास सुटला तर ही विदुषी विचारते, "उदबत्ती कुणी लावली?" ती तेव्हाची मी आज भेटली तर कानाखाली देईन.

"एकापुढं एक जोडलं तर आठ," मी म्हटलं. "शेजारी जोडलं म्हंजे दोन दारं सताड उघडी. अडवणूक निम्मी, करंट दुप्पट."

"मगा गाण्याचा मिक्सर जोडला, कुटं काय झालं?"

"मिक्सर नुसता निरोप देतोय. अ‍ॅम्प त्याला हजारो ओहम दाखवतो, मग त्याला कसलं ओझं? ह्ये दोन डबे हलवायचं ओझं अ‍ॅम्पवर हाय."

"लई शान्या तुमी. व्हा बाजूला."

त्यानं बटणाकडं हात नेला. मी प्लग उपटला. अ‍ॅम्प उचलेना, म्हणून सरळ त्याच्यावर बसले.

"एकापुढं एक जोडा, उठते."

"तुमचं ऐकण्यापरीस मुकं बारसं बरं!"

"मग करा मुकं."

जावेनं माझ्याकडं असं पाहिलं की घुगऱ्या करपाव्यात. शेवटी बायकांनी पाळणा तोंडानंच म्हटला, बेसूर आणि रागारागानं. मी टाळ्या वाजवल्या. जेवायला कुणी बोलावलं नाही, तेव्हा मीच ताट मागवलं आणि तिथंच बसून दोनदा भात घेतला.