लालीबाईच्या बारक्या पुऱ्या

आर्णीच्या बसस्टँडसमोर लालीबाईचा गुपचुपचा गाडा आहे. कोणी पाणीपुरी म्हणलं का ती पह्यले त्याले म्हणते, "मंग पुण्याले जाऊन खा," अन् मंग खाऊ घालते. बाई बंजारा तांड्यावरची. आवाज असा का एसटीचा हॉर्न लाजून जाईन. नवरा रामलाल ट्रकवर गेला का महिना महिना तोंड दाखवत नाही. दोघी पोरींची लग्नं तिनं या गाड्याच्याच भरवशावर केली.

बाजूले शादाबचं टू-व्हीलरचं गॅरेज. गाड्याचं चाक निखळलं तवा हा पोट्टा न विचारता आला, चाक बसवलं अन् पैसेबी घेतले नाही. तवापासून तो तिले याडी म्हणते. तांड्यावर आईले याडी म्हणतेत. अन् लालीबाई त्याच्यासाठी कोणाच्याबी अंगावर जाते, मंग समोर पोलीस असो का शादाबची सख्खी मावशी हुस्नाबी असो.

पण शादाबले खर्ऱ्याचा नाद. तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटायचा अन् गालात दाबून ठेवायचा. झोपला तवाच गाल रिकामा.

मागच्या उन्हाळ्यात तो म्हणे, "याडी, पाणी लय तिखट करून राह्यली तू. तोंडाची आग होते."

"तुह्या जिभेले नखरे आले बे," ती म्हणे. पण तिनं त्याच्यासाठी बिनमिरचीचं पाणी वेगळं ठेवलं. मंग पुरी तोंडात जाईना. फोडून फोडून खाये, पाणी शर्टावर. लालीबाईले वाटलं, आपल्याच पुऱ्या मोठ्या झाल्या. तिनं त्याच्यासाठी बारक्या पुऱ्या तळल्या, बारक्या पोरीच्या कानातल्या झुमक्याएवढ्या. हळूहळू आणखी खर्रेवाले पोट्टे त्याच मागू लागले. बाई खूश. म्हणे, नवीन माल चालला!

दिवाळीनंतर दातांच्या तपासणीचं शिबिर आलं. त्यातली डॉक्टर प्रेरणा जेवणाच्या सुट्टीत गाड्यावर आली. दुसरी प्लेट चालू असताना तिनं बारक्या पुऱ्यांचा डबा पाह्यला.

"मावशी, या कुणासाठी? लहान पोरांसाठी?"

"नाही व माय. ज्याइचं तोंड उघडत नाही त्याइच्यासाठी."

डॉक्टरची पुरी हातातच राह्यली. "किती जण आहेत असे?"

लालीबाई बोटं मोजू लागली. एक हात पुरला नाही.

मंग डॉक्टरनं सांगतलं. सुपारीनं गाल आतून कातडी चपलीसारखे कडक होतेत. पह्यले तिखट झोंबते, मंग तोंड आखडते. काहीजणांचं पुढे कॅन्सरवर जाते. चांगल्या तोंडात तीन बोटं उभी जातेत, आखडलेल्या तोंडात जात नाहीत. "अडीचशे वर्षांआधी लंडनमध्ये एका डॉक्टरनं पाहिलं," ती म्हणे, "धुराडी साफ करणाऱ्यांनाच एक कॅन्सर जास्त होतो. काजळीमुळे. तेव्हा कुठलं मशीन? कोणाला काय होतं, एवढंच नीट पाहिलं. आपल्या केरळात तर डॉक्टर नसलेली साधी माणसं शिकून घरोघरी गेली, लोकांची तोंडं उजेडात तपासली. तंबाखू-दारूवाल्यांची तोंडाच्या कॅन्सरची मरणं त्यानं कमी झाली."

"अन् मी काय केलं," लालीबाई म्हणली, "तर पुरी बारकी केली."

ती तशीच गॅरेजात गेली. "बोटं घाल बे तोंडात. तीन. उभी."

"काहून?"

"घाल म्हणतो ना!"

दीड बोट गेलं. शादाब हसला, पण हसूबी अर्धंच उघडलं. गालात आतून एक पांढरा डागबी होता. यवतमाळले दवाखान्यात चाल म्हणलं तं गडी अडला. "गिऱ्हाईक आहे याडी. पुढच्या हप्त्यात जाऊ." खरी गोष्ट अशी का त्याले भेव वाटे. डाग कॅन्सरचाच निघाला तं?

दुसऱ्या दिवशी लालीबाईनं गाडा उघडलाच नाही. गॅरेजात टायरवर मांडी घालून बसली. गुपचुपवाले गिऱ्हाईक तिथी येऊन शादाबचं डोस्कं खाऊ लागले. "काय भाऊ, गाडा काहून बंद? मावशीले काय केलं बे तू?" दुपारपर्यंत पोट्टा पिकला.

"चाल व याडी! पाया पडतो, पण गाडा उघड!"

यवतमाळच्या दवाखान्यात डागाचा तुकडा काढून तपासाले देल्ला. रिपोर्ट येईपर्यंत शादाबनं खर्रा सोडला अन् जो भेटे त्याच्यावर भुकू लागला. रिपोर्टच्या दिवशी लालीबाईनं ओळीत कोणाले पुढे घुसू देल्लं नाही. तिथला डॉक्टर म्हणे, "कॅन्सर नाही. पण त्याच्या दारात जाऊन उभा होता हा. खर्रा परत धरला तर ते दार उघडंच आहे."

लालीबाईनं पह्यले त्याच्या पाठीत एक बुक्की हाणली, मंग रडली, मंग डॉक्टरले विचारलं, "अजून सहा-सात पोट्टे आहेत. एकदमच आणू का दोन-दोन?"

आता शादाबले तोंडाची कसरत देल्ली आहे. आइसक्रीमच्या काड्यांची चवड करायची अन् दातांत उभी धरून तोंड फाकवायचं, दिवसातून कितीकदा. काडी हळूहळू वाढवायची. कसरत नेमकी गिऱ्हाईकाच्याच टायमाले येते. काल त्या खर्रेवाल्या पोट्ट्यांतला ऋतिक गाडी घेऊन आलता, ब्रेक लागत नव्हते.

"कधी होईन शादाबभाऊ?"

"आँ... आँ..."

लालीबाई गाड्यावरूनच ओरडली, "संध्याकाळी ये! अन् इकडे ये बे, तुह्यं तोंड पाहू दे पह्यले."