ऱ्हस्व बिरु, दीर्घ बीरु

सिहोऱ्याच्या शाळेत टेकचंद गुरुजी मराठी शिकवायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत त्यांचा लाल पेन कुणाचीही गय करत नसे. वेलांटी चुकली की अर्धा मार्क गेलाच. पोरांच्या वह्या गोवर उठल्यासारख्या दिसायच्या. अशा माणसानं पंचेचाळिशीत जपानी शिकायला घ्यावं आणि नेमकं ऱ्हस्व-दीर्घातच तोंडावर आपटावं, ही गंमत पुढं ते स्वतःच साऱ्या गावाला सांगत फिरले.

साल एकोणऐंशी असेल. गुरुजींनी तुमसरहून ट्रान्झिस्टर आणला होता. एका संध्याकाळी जुनी गाणी शोधताना काटा भलतीकडं सरकला आणि एक बाई स्वच्छ हिंदीत जपानीचा पहिला धडा देऊ लागल्या. गुरुजी ऐकत राहिले. गावात इंग्रजी येणारे चार-पाच जण होते, त्यांच्यापुढं बोलायची पंचाईत व्हायची. जपानी येणारा एकही नव्हता. म्हणजे चुकलं तरी पकडणार कोण? एवढ्या भरवशावर त्यांनी अभ्यास सुरू केला.

पहिलाच शब्द 'वाताशि', म्हणजे 'मी'. पण गुरुजींची जीभ झाडीपट्टीतली. वर्गात सांभाळून बोलत, पण जरा जोर चढला की 'श'चा 'स' व्हायचाच. रोज ओसरीवर बसून ते "वातासी, वातासी" घोकू लागले. शेजारच्या सुखरामनं दोन-तीन दिवस ते ऐकलं आणि निरगुडीचा पाला घेऊन आला.

"गुरुजी, वात लय वाढला दिसते तुमचा. हा पाला शेकून गुडघ्याले बांधा."

आतून गुरुजींच्या पत्नी, पुष्पाबाई म्हणाल्या, "गुडघ्याले बांधून काय होते, भाऊजी? डोस्क्याले बांधा."

गुरुजींनी पाला घेतला. आणलाच आहे तर वाया कशाला घालवायचा, म्हणून बांधलाही.

वर्ष-दोन वर्षांत 'गुरुजीले जपानी येते' अशी बातमी तुमसरपर्यंत गेली. गुरुजींनी ती ना खरी केली, ना खोटी. त्याची शिक्षा लवकरच मिळाली. तुमसरच्या श्यामरावांनी आपल्या राईस मिलसाठी जपानी यंत्र घेतलं होतं. ते बसवायला मोरिशिता नावाचे इंजिनियर आले आणि श्यामराव स्वतः जीप घेऊन गुरुजींच्या दारात येऊन उभे राहिले.

"चला, गुरुजी. पाहुना त्याच्याच भाषेत बोलून राहिला आन् आमाले नुसती मान हालवता येते."

मोरिशिता ठेंगणे, पन्नाशीचे, मिलच्या अंगणात टोपी हातात धरून उभे होते. नमस्कार-चमत्कार नीट पार पडले, तशी गुरुजींना हिंमत आली. मिलकडं हात करून ते म्हणाले, "कोरे वा फुरुइ बीरु देसु." ही आमची जुनी इमारत, असं त्यांना सांगायचं होतं.

मोरिशितांनी इमारतीकडं पाहिलं, मग गुरुजींच्या रिकाम्या हातांकडं. मग पोटावर हात ठेवून नम्रपणे नाही म्हणत मान हलवली.

"काय म्हनते?" श्यामरावांनी विचारलं.

"इमारत आवडली म्हनते."

"मंग नाई-नाई काहून करते?"

"तिकडं तसंच करतात," गुरुजी म्हणाले.

काहीतरी घोटाळा आहे हे मोरिशितांच्या लक्षात आलं. ते खाली बसले. जमिनीवर कोंडा पसरला होता, त्यात बोटानं त्यांनी घर काढलं, "बिरु" म्हणाले आणि दोन टाळ्या वाजवल्या. शेजारी फेसाळलेली बाटली काढली, "बी-इ-रु" म्हणाले आणि तीन टाळ्या वाजवल्या.

गुरुजींच्या डोक्यात प्रकाश पडला. इमारत ऱ्हस्व, बियर दीर्घ. त्यांनी भल्या माणसाला सकाळी दहा वाजता शिळी बियर देऊ केली होती. पोरांचे मार्क कापले ते सगळे कागदावरच. तोंडानं 'पाणि' आणि 'पाणी' गुरुजी स्वतः जन्मभर एकसारखंच म्हणत आले होते.

यंत्र बसेपर्यंत रोज जेवणाच्या सुट्टीत मोरिशिता टाळ्या वाजवत आणि गुरुजी बोलत. हमालांना वाटायचं, भजन चाललंय. परतफेड म्हणून गुरुजींनी त्यांना 'तांदूळ' शिकवायला घेतला. मोरिशितांच्या तोंडून निघालं "तांदुरु". हमाल खूश झाले.

"हा तं आपल्याच गावचा हाय, गुरुजी. आमी बी तांदूरच म्हनतो."

पाहुण्याला पहिल्या झटक्यात झाडीबोली आली आणि आपण अजून बाटलीतच अडकलोय, हे पाहून गुरुजी खट्टू झाले.

पुढच्या हिवाळ्यात मोरिशिता दोन सहकाऱ्यांसह यंत्र तपासायला आले. 'तुम्ही परत आलात, फार आनंद झाला,' एवढं एकच वाक्य गुरुजींनी टाळ्या वाजवून महिनाभर घासलं होतं. ते बिनचूक निघालं. मोरिशितांचे डोळे मोठे झाले, आणि तलावाचा बांध फुटावा तसं ते बोलत सुटले. गुरुजींना काही म्हणजे काही कळेना. पण आता माघार कशी घ्यायची? मोरिशिता थांबले की ते "हाइ" म्हणत, म्हणजे हो. मोरिशिता पुन्हा सुरू, गुरुजी पुन्हा "हाइ".

दिवस मावळता जीप गुरुजींच्या दारात आली. तिघे जपानी उतरले, बूट ओळीनं काढून ठेवले आणि कमरेत वाकले. पुष्पाबाईंनी चुलीवर दोघांपुरतं वरण ठेवलेलं.

"कोनाले इचारून जेवाले बलावलं?"

"मी कोनाले नाई बलावलो. मी फक्त हो म्हनलो."

सुखरामच्या घरून वांग्याची भाजी आली, पुष्पाबाईंनी चिन्नोर या वासाच्या तांदळाचा भात टाकला. पाहुण्यांनी आधी त्याचा वास घेतला आणि मग बोलणं बंद करून जेवले.

"चांगला झाला म्हनते," गुरुजींनी भाषांतर केलं.

"ते समजलं मले. तीनदा वाढलं त्याईले. तुमी जेवा."

त्यानंतर गुरुजींनी सगळे धडे बाजूला ठेवले आणि एकच शब्द पाठ केला, "वाकारिमासेन", म्हणजे 'मला समजत नाही'. पण टाळ्या वाजवून तोही त्यांनी इतका घासला की पुढं मिलवर कुणी जपानी आला आणि गुरुजींनी तो म्हटला, की पाहुणा कौतुकानं हसायचा आणि दुप्पट वेगानं बोलू लागायचा.