चोपण जमिनीचे वाडगे

लखनौला निसर्ग आहे कुठे, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. डोंगर नाही, समुद्र नाही, मग तुझ्या वाडग्यांत कसला आलाय निसर्ग? मी वाद घालत नाही. सरळ हातात मी घडवलेला वाडगा देते. आतून पांढुरका, किंचित हिरवट रंग आणि त्यावर बारीक भेगांची जाळी. उन्हाळ्यात इथली ऊसर जमीन अशीच दिसते. ऊसर म्हणजे आपली चोपण, क्षाराने नापीक झालेली. तिच्यावर पांढरा क्षार फुटून येतो, त्याला इथे रेह म्हणतात. रेह आणि लाकडाची राख मिळून माझं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, होतं. ते माझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही, आणि हे सांगताना मी मुळीच लाजत नाही.

लाज वाटायची ती बाबांना. मातीचे शास्त्रज्ञ म्हणून ते इथे आले आणि जिप्समची भुकटी टाकून हीच जमीन पिकती करण्यात त्यांची सगळी नोकरी खर्ची पडली. इंदिरा नगरच्या आमच्या घरी जेवायला बसलं की ते माझा वाडगा बाजूला सारून स्टीलची वाटी मागायचे. "दुखण्याचा फोटो काढून कुणी भिंतीवर लावतं का?" म्हणायचे. मला भयंकर राग यायचा. दुकानदार माझे वाडगे मागून नेत होते, पण मला या एका माणसाने त्यात आमटी खायला हवी होती.

गेल्या मार्चात रेह आणायला नेहमीच्या जागी गेले, तर तिथे गहू उभा. शेतकरी खुशीत होता. "दीदी, अब यहाँ रेह कहाँ," म्हणाला. घरी येऊन मी बाबांवरच उखडले.

"तुमच्या जिप्समने माझं ग्लेझ संपवलं. आता मी काय करू?"

बाबा म्हणाले, "अच्छा. उद्या गाडी काढ."

आलमबाग ओलांडून कानपूर रोडने बरंच पुढे गेल्यावर त्यांनी एका कच्च्या वाटेला वळायला सांगितलं. तिथे एक शेत होतं, पांढरंफटक, कडेला चार बाभळी.

"इथे मी हरलो," बाबा म्हणाले. "जिप्सम टाकलं, चर खणले, सगळं वाया. पाण्याचा निचराच होत नाही. हे शेत मी आजवर कुणाला दाखवलं नाही."

मला त्यांची एकदम माया आली. मी झाडू काढला, तर तो त्यांनी माझ्या हातून घेतला आणि वाकून स्वतःच रेह गोळा करायला लागले. "वरचा वरचा घ्यायचा, बेटा, खालची माती नको," अशा सूचना वर चालूच.

त्या रेहचे वाडगे भट्टीतून काढले तेव्हा भेगा अशा सुरेख उमटल्या होत्या की मी माझीच पाठ थोपटली. दुपारी बाबांच्या ताटाशी मुद्दाम दोन्ही ठेवलं, वाडगा आणि स्टीलची वाटी. बाबांनी वाडगा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, भेगांवरून बोट फिरवलं. मग वाटी माझ्याकडे सरकवली.

"ही तुला घे," ते म्हणाले. "मला माझ्या शेतात वाढ."