खरकट्याच्या बादलीतला भात

बायको जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येणारे म्हणतात, दोघांनी भुकेल्यांना जेवू घातलंत. दोघांनी नाही. मला लिहायची सवय नाही, पण एवढं लिहून ठेवतो.

पंचावन्न-छप्पन साल असेल. पिंपरीच्या एका कारखान्यात, कँटीनला मी भात-आमटी शिजवायचो. निम्मी माणसं घरून भाकरी आणायची, त्यामुळं रोज पातेलंभर भात उरायचा. हात न लागलेला. तो मागच्या खड्ड्यात लोटायचा, हेही माझंच काम. घरी सांगितलं तर ती भडकली. "काळेवाडीला नदीकाठी बांधकामाची माणसं बसून हायेत. काम बंद पडलंय. पोरं भुकेनं रडत्यात, आन् तुमी अन्न पुरताय?"

कँटीनच्या साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "ने, पण माझ्यासमोर नको."

दुसऱ्या दुपारी घाईत हाताला लागली ती बादली घेतली, भात भरला आणि झोपड्यांवर गेलो. एक म्हातारी पुढं आली. आत डोकावली, आंबूस वास येताच मागं सरली.

"ह्यात खरकटं टाकत्यात न्हवं?"

"घासून आणलीय."

"आमी मजूर हाय, बाबा. कुत्री न्हाई."

पोरं भाताकडं बघत होती. म्हातारीनं त्यांना आत ओढलं. भात परत आणून खड्ड्यात टाकला. घरी येऊन म्हणालो, "भुकेली म्हणं! माज बघ त्यांचा."

"माज तुमचा," ती म्हणाली. "पाव्हण्याला त्या बादलीतनं वाढाल का?"

पुढच्या दिवशी तिनं माहेरचं पितळी पातेलं दिलं, वर धुतलेलं फडकं. स्वतः बरोबर आली. म्हातारीसमोर खाली बसली, घरून आणलेल्या ताटात भात घेतला आणि खाऊ लागली.

"मीठ कमी हाय. ह्यांचा हातच तसला."

म्हातारी हसली. आतून जर्मनचं ताट घेऊन आली. मग पोरं आली.

काम सुरू होईपर्यंत दोनेक महिने हेच चाललं. पहिला घास रोज तिचा. मला म्हणायची, "तुमीबी बसा की." मी पातेल्यापाशी उभा. कँटीनमधल्या कुणी बघितलं तर काय म्हणेल, हे डोक्यात. एकदा म्हातारीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. तुझ्या मालकाला आमच्यात बसवत नसंल." बायकोची मान खाली गेली. हातातला घास तिनं ताटात ठेवला.

येताना वाटेत एवढंच म्हणाली, "उद्या बसा."

दुसऱ्या दिवशीही मी उभाच होतो.