जागा धरायचा रुमाल

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्याकडच्या सरकारी बसवाल्यांना एकदा चेष्टा सुचली. प्रवासी वाढावेत म्हणून त्यांनी अमरावतीच्या स्टँडवर टेबल मांडलं आणि वस्तू विकायला काढल्या. चहाच्या कपावर लिहिलं होतं, 'घाई हाय त काल याचं व्हतं.' टी-शर्टच्या पाठीवर, 'मांगं लय जागा हाय.' पण खरा खपला तो रुमाल. पिवळा, हातभर चौरस, मधोमध लाल अक्षरं: 'इथं बूड टेकवू नको, मानूस येऊन राह्यला.'

गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. रुमाल पडला की जागा झाली. शेजाऱ्याचा बांध कोरणारी माणसं मी पाहिली आहेत, पण दुसऱ्याचा रुमाल उचलताना त्यांनाही पाहिलं नाही. बसवाल्यांनी ती रीतच छापून विकली.

त्या रुमालांच्या कडा माझ्या धाकट्या भावाने शिवल्या होत्या. तो वलगावला टेलर होता, एकटाच राहायचा. पीक गेलं की लोक सगळ्यात आधी कपडे शिवणं थांबवतात. लग्नं पुढे ढकलली जात, नाही तर तयार कपड्यांत उरकत. शेतकऱ्याबद्दल पेपरात येई, टेलरबद्दल येत नसे. रुमालांचे गठ्ठे आले तेवढे दिवस त्याचं मशीन चाललं. मग तेही काम संपलं.

मी अकोल्याहून त्याला भेटायला गेले, तर शिवायच्या टेबलावर कात्री दिसेना.

"कात्री कुठं गेली रे?"

"देल्ली."

"कोणाले?"

"कोणाले तं देल्ली. तुले काय शिवाचं हाय?"

टेलर मशीन विकेल, दुकान सोडेल, पण हातावर बसलेल्या कात्रीला तो कोणाला हातही लावू देत नाही. मी त्याच गल्लीतल्या एका माणसाचा विचार करत होते. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने आपली सायकल पुसून शेजाऱ्याच्या दारात लावून ठेवली होती. त्याचा अर्थ गल्लीला दुसऱ्या दिवशी विहिरीपाशी लागला.

मी भावाला म्हटलं, "चाल माह्यासंग अकोल्याले. आत्ताच." वाटलं होतं वाद घालेल. तो निमूट उठला आणि चप्पल घातली. त्याने वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागली तेव्हा झुंबड उडाली. त्याने खिडकीतून रुमाल टाकला, मला रेटून वर चढवलं आणि खालूनच म्हणाला, "तू बस, मी पानी घेऊन आलो." मी खिडकीशी बसले. शेजारच्या सीटवर रुमाल पसरला. गर्दी एवढी झाली की मला दार दिसेना. गाडी हलली.

"थांबवा," मी ओरडले. "माझा भाऊ राहिला."

"मांगच्या दारानं चढला असंल ताई," कंडक्टर म्हणाला. "लोकं मांगं नुसते कोंबून राह्यले. एक का दोन?"

मी दोन तिकिटं घेतली. दोन तिकिटं घेतली की तो गाडीत आहे असं ठरतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. मी एरवी हिशेबाने चालणारी बाई आहे.

माझ्यापाशी उभे असलेले एक धोतरवाले आजोबा रुमालाकडे बघत होते.

"काहो कंडक्टर, या रुमालाचं तिकीट फाडलं काय?"

"फाडलं ना बाबा. पुरं फाडलं."

"मंग याले खिडकीजवळ बसवा. हवा खाईन बिचारा."

लोक हसले. पाठीमागून कोणी म्हणालं, "उचला ना तो, म्हाताऱ्याले बसू द्या." कंडक्टर म्हणाला, "आमीच इकाचे अन् आमीच उचलाचे काय? वर लिवलं हाय, मानूस येऊन राह्यला." पुन्हा हसले. मी आजोबांना बसा म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून ते निघेना. त्या जागेवर दुसरं कोणी बसलं, तर भाऊ येणार नाही हे मीच मान्य केल्यासारखं होईल, असं वाटत होतं.

मी त्याच्या नावाने हाक मारली. गाडीच्या आवाजात ती चार सीटांपलीकडे गेली नसेल. मी शक्यता मांडत बसले. तो मागच्या दाराशी उभा आहे. किंवा पाणी घेताना गाडी चुकली आणि तो स्टँडवर आहे. तिसरी शक्यता मी मनातही पूर्ण होऊ दिली नाही. खिडकीबाहेर एखादी विहीर आली की मी नजर वळवत होते. मला पाहून त्याने हात हलवला होता का, हे आठवत होते. हलवला असेल तर कसा?

बडनेऱ्याला बरेच लोक उतरले आणि गाडीच्या मागच्या भागात पार शेवटच्या सीटपर्यंत दिसायला लागलं. तो नव्हता.

मी रुमाल घेऊन उतरले. आजोबा बसले. कंडक्टरचा चेहरा आता उतरला होता. "मांगून अकोल्याचीच दुसरी गाडी येऊन राह्यली ताई. थ्या गाडीत इचारा," तो म्हणाला आणि घंटी वाजवली.

रस्त्याकडेला उभी राहून मी परत अमरावतीला जायला वाहन बघत होते. पण गेले, आणि तो मागच्या गाडीत असला तर? थांबले, आणि तो वलगावच्या वाटेला लागला असेल तर? मी हलू शकले नाही.

दुसरी गाडी आली. भाऊ पायरीवर लोंबकळत होता, हातात पाण्याची बाटली. त्याच्यामागून एक दाढीवाले गृहस्थ उतरले, अकोल्याला कापडाचा धंदा करणारे. बोलले तेच आधी.

"बहन, हे तुमचे भाऊ का? माझ्या रुमालावर येऊन बसले. मी म्हटलं भाई, रुमाल माझा. तर म्हणे, माझा. भांडलो की आम्ही. गाडी निघाली तेव्हा यांच्या लक्षात आलं, तर रडायलाच लागले."

मी भावाकडे पाहिलं.

"शिवन माहीच व्हती, ताई," तो म्हणाला. "कोपऱ्यातली डबल टीप. मले वाटलं हेच गाडी. तू खाली उतरली असशीन, मले पाहाले."

सगळे रुमाल त्याच्याच हातचे. शेजारी-शेजारी लागलेल्या दोन गाड्यांत त्याला आपलाच टाका दिसला आणि तो बसला. मी हसायला हवं होतं. ते गृहस्थ हसतही होते. मी भावाची बाही धरली आणि कधी कोणाला विचारलं नव्हतं ते भर रस्त्यात विचारलं.

"तू जीव द्यायच्या इचारात हायेस काय?"

गृहस्थ दोन पावलं बाजूला झाले आणि ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली.

भाऊ खाली बघत होता. "म्हनूनच देल्ली कात्री," तो म्हणाला. "घरात ठेवू नाई वाटली."

"अन् आता?"

"आता तुह्यासंग येऊन राह्यलो ना."

मला जे ऐकायचं होतं ते हे नव्हतं. पण तो खोटं बोलला नाही, तेवढ्यावर मी त्याला गाडीत चढवलं. जागा नव्हती. अकोल्यापर्यंत आम्ही उभेच आलो आणि मी त्याची बाही सोडली नाही.

पुढे त्याला डॉक्टरांकडे नेलं, औषध सुरू झालं. तो आमच्याच घरी राहिला. मी मात्र लवकर बरी झाले नाही. तो न्हाणीत गेला की मी बाहेर काहीतरी निवडत बसे आणि बोलत राही: भाजी काय करू, पाणी तापलं का, साबण आहे का. आवाज यायला जरा उशीर झाला की हात थांबे.

"हावो ताई, हाव," तो आतून म्हणायचा. "हाय मी."